भिंती एकाला, माळवद दुसऱ्याला, खोपीचं शेवटी

मी शिवबाई विरुपाक्ष बिराजदार, कैलासवासी बसलिंगप्पा यांची एकुलती एक लेक, राहणार होटगीच्या शिवारातली दगडी वस्ती, वय पंच्याहत्तरीच्या आसपास (आमच्या वेळी कोण लिहून ठेवत होतं), आज आपल्या राजीखुशीनं, कुणी भरीस घातलं नसताना, शुद्धीवर राहून हे मृत्युपत्र लिहिते. एवढं वकिलाच्या कारकुनानं कागदावर काढून दिलं, ते बघून उतरवलं. इथून पुढचं माझं. कारकून म्हणत होता, "आजी, पुढं कायद्याची भाषा लागते." मी म्हटलं, "बाबा, कायदा तुजा, घर माजं. दोन बुकं शिकलीय मी, लिवते की."

माझं डोकं ठिकाणावर आहे. खात्री करायची असेल तर थोरल्या सुनेला, दाक्षायणीला विचारा. मागच्या खेपेला आली तेव्हा तिनं दोनदा उकळलेला चहा मला दिला, आणि मी तो तिच्या देखत बेलाच्या बुडाशी ओतला. बेल अजून जिवंत आहे, पण त्या बाजूची पानं गळाली.

पोटात गाठ आहे. डॉक्टर माझ्याकडं न बघता माझ्या धाकट्या पोराकडं, शिवयोगीकडं बघून इंग्रजीत बोलला, तेव्हाच मला कळलं. शिवयोगीचं तोंड उतरलं. मला मात्र इतकं हलकं वाटलं की स्टँडवर उतरून मी कांदाभजी मागवली आणि सगळी एकटीनं खाल्ली. म्हटलं, आता लिहायला मोकळी झाले. खरं सांगते, हे लिहिताना जेवढी मजा येते आहे तेवढी मला माझ्या लग्नात आली नव्हती.

हे कधी वाचायचं ते आधी सांगते. आमच्या लिंगायतांत मेलेल्या माणसाला आडवं ठेवत नाहीत. भस्म लावून, हार घालून, भिंतीला टेकवून बसवतात, आणि तसंच बसवून मातीत देतात. तर मला सोप्यात, मधल्या खांबाला टेकवून बसवायचं, आणि मी बसलेली असतानाच नारायण मास्तरांनी हे मोठ्यानं वाचायचं. तोवर मला उचलायचं नाही. गुरुलिंगानं माझ्या उजव्या हाताला बसावं, शिवयोगीनं डाव्या, आणि केराबाईला समोर बसवावं, मला तिचं तोंड दिसेल अशी. माझे डोळे मिटलेले असतील म्हणून काय झालं.

केराबाई कोण हे गावाला सांगायला नको, पण कागद कोर्टात जाईल, तिथल्या साहेबाला माहीत नसणार. ती आमच्या खोपीत राहते. खोपी म्हणजे मोठ्या घराच्या पूर्वेला हाकेच्या अंतरावर असलेली एका खणाची दगडी खोली. नाव खोपी, पण काडी गवताची नाही. कागदोपत्री माझीच. केराबाई माझ्यापेक्षा दोनचार वर्षांनी लहान. सध्या तीच माझं सगळं करते. पेज करते, अंग पुसते, पाय चेपते. हाताला गुण आहे तिच्या. संक्रांतीच्या आसपास पाय चेपता चेपता ती म्हणाली, "आक्का, एक मागू?"

"माग की."

"म्हातारपणी मला खोपीतनं हलवू नका. मोठ्या घरातलं काय नको, रानातलं काय नको. मेल्यावर कुटंबी फेका. पर जिती हाय तवर तितंच ऱ्हाऊ द्या. माज्या बापाचा हात लागलाय त्या भिंतीला."

मी म्हटलं, "लिहून ठेवते." तेव्हापासून दोन्ही पोरं आळीपाळीनं विचारतात, अव्वा, केराबाईचं काय लिहिलंस? सांगते. पण शेवटी. तोवर सगळ्यांनी बूड टेकून बसावं.

कलम पहिलं. घर माझं कसं.

हे घर माझ्या नवऱ्याचं नाही. माझे अप्पा बसलिंगप्पा यांनी विहीर खणायला घेतली आणि खाली काळा दगड लागला. लोक म्हणाले, नशीब फुटलं. अप्पा म्हणाले, घर निघालं. जेवढा दगड विहिरीतून वर आला, तेवढंच घर उभं राहिलं. परवाच्या दुष्काळात विहीर आटली, तेव्हा तळाशी पहारीच्या खुणा दिसत होत्या. मी वाकून बघितलं आणि म्हटलं, हे आमचं घर इथं उलटं पडलेलं आहे.

दगड निघाल्यावर ज्ञानबा गवंडी काम मागायला आला. केराबाई त्याचीच लेक, तेव्हा बापाच्या मागं चुन्याची पाटी घेऊन फिरायची. अप्पांचा कुणावर विश्वास नव्हता. ते म्हणाले, "ज्ञानबा, आदी एक खोली बांदून दाव. एक पावसाळा तिच्याकडं बघतो. थेंब गळला न्हाय तर घराचं काम तुजं." त्यानं बांधलेली ती खोली म्हणजे खोपी. काम मिळवायचं म्हणून त्यानं तीत जीव ओतला. दगडाला दगड असा बसवला की सांध्यात सुई जात नाही. भिंतीच्या पोटात सुद्धा घडीव दगड. अप्पा पावसाळाभर छत्री घेऊन तिच्याभोवती फिरले. थेंब गळला नाही. मग मोठ्या घराचं काम मिळालं, आणि काम मिळाल्यावर माणसाचा हात कसा चालतो ते कुणीही सांगेल. मोठ्या घराच्या भिंतीतल्या कोनाड्यात हात घातला तर खांद्यापर्यंत आत जातो एवढी रुंदी, पण आतून एक थर दगड, बाहेरून एक थर दगड आणि पोटात मुरूम. दिसायला मोठं घरच भारी. येणारा जाणारा त्यालाच बघतो.

अप्पांना मुलगा नव्हता. म्हणून अक्कलकोटच्या बाजूनं विरुपाक्ष यांना घरजावई आणलं. गोरेपान, गळा गोड, नेसत्या धोतरानिशी आले. अप्पांनी घर, विहीर, रान सगळं माझ्या नावानं केलं आणि जाताना म्हणाले, "शिवा, जावई देवासारखा हाय. सही मात्र तूच करत जा." मी तेवढं ऐकलं.

कलम दुसरं. थोरला गुरुलिंग.

याचं सोलापुरात शुक्रवार पेठेत कापडाचं दुकान आहे. पोट दुकानाच्या फळीच्या बाहेर येतं. दुष्काळ सरल्यावर यानं जीपमधून एक ठेकेदार आणला. त्या माणसानं माझ्या भिंतीवर काठीनं टकटक केलं, जसं कलिंगड वाजवून बघतात.

"आजी, असला दगड आता मिळत नाही," ठेकेदार म्हणाला.

मी म्हटलं, "माझ्यासारखी म्हातारी पण मिळत न्हाय. मलाबी फोडून नेता का?"

गुरुलिंग हसला. मग म्हणाला, "अव्वा, तू सोलापूरला चल की. नळ हाय, लाईट हाय. हितं काय हाय?"

"हितं तुजी बायको न्हाय," मी म्हटलं. दाक्षायणी दारातच उभी होती. बरं झालं.

तर गुरुलिंगाला मी या घराचं माळवद देते. कोर्टातल्या साहेबासाठी सांगते, माळवद म्हणजे आमच्याकडचं सपाट छप्पर. तुळया, त्यावर फळ्या, त्यावर कडुलिंबाचा पाला आणि सगळ्यावर हातभर माती. दरवर्षी मिरगाच्या आधी वर चढून खारी पांढरी माती पसरायची, पाणी मारायचं आणि चोपण्यानं ठोकून ठोकून घट्ट करायची, नाहीतर पहिल्याच पावसात घर गळतं. हे काम गुरुलिंगानं स्वतः करायचं. गडी लावायचा नाही. ऊन चढायच्या आत सुरू करावं, म्हणजे गावातली माणसं रानात जाता जाता बघतील. शिडी मी बघून ठेवली आहे. जुनीच आहे. एक वर्ष जरी चुकलं तरी माळवद मठाला.

गुरुलिंगा, मी बसलेय समोर. तोंड वाकडं करू नकोस.

कलम तिसरं. धाकटा शिवयोगी.

हा सोलापुरात सरकारी कचेरीत कारकून आहे. स्वभावानं मऊ. एकदा त्याचा साहेब हुरडा खायला वस्तीवर आला होता. मी चुलीपुढनं उठून राखेच्या हातानं बाहेर आले. साहेबानं विचारलं, "या कोण?" शिवयोगी म्हणाला, "आमच्याकडच्याच आहेत." आई म्हणाला नाही. हुरडा त्या दिवशी फार गोड होता, मला आठवतं, साहेबानं दोनदा मागून घेतला.

आमच्याकडच्या असलेल्या बाईकडनं शिवयोगीला या घराच्या सगळ्या भिंती. माळवद नाही, फक्त भिंती. म्हणजे गुरुलिंगाला छप्पर विकायचं तर भिंतीला धक्का लागणार, शिवयोगीला दगड विकायचा तर छप्पर डोक्यावर येणार. खुंटी ठोकायची तर भावाला विचारायचं, शिडी टेकवायची तर भावाला विचारायचं. अप्पांचं रान वाटून घेताना बांधावर जे भांडण झालं, त्यानंतर हे दोघं एकमेकांशी बोलत नाहीत हे मला माहीत आहे. म्हणून तर ही वाटणी सुचली. आणि दगड विकायचं मनात असेल तर पहिल्या कलमातलं मुरमाचं परत वाचा. ठेकेदाराला मी हे सांगितलं नव्हतं. त्याला वाटतं भिंत आरपार दगडाची आहे.

कलम चौथं. सुना.

किल्ल्यांचा जुडगा दाक्षायणीला, लग्न होऊन आल्यापासून तिचा डोळा त्याच्यावर आहे. कुलपं धाकटीला. दोघींनी सुखानं नांदावं.

भिंतीतलं बळदही दाक्षायणीला. बळद म्हणजे भिंतीच्या पोटात ठेवलेली पोकळी, वरनं माळवदातून धान्य ओतायचं, खालच्या भोकातून काढायचं. वरचं भोक तिच्या नवऱ्याच्या माळवदात आहे, खालचं तिच्या दिराच्या भिंतीत. मधलं सगळं तिचं.

माझ्या पाटल्या कुणालाच नाहीत. माझ्या हातात राहू द्या. काढायला जो पुढं येईल त्याचं तोंड सगळ्यांनी नीट बघून घ्यावं.

कलम पाचवं. खोपी.

आता केराबाई, पदर सावर आणि ऐक.

तू नवऱ्याघरनं विधवा होऊन आलीस तेव्हा ज्ञानबा नुकताच गेला होता. गाठोडं घेऊन खोपीच्या दारात बसलीस. मीच म्हटलं होतं, राहा. वर्ष सरायच्या आत विरुपाक्ष म्हणाले, माजघराची पूर्वेकडची खिडकी बुजवायला पाहिजे, चोरांची भीती आहे. त्या खिडकीतनं खोपीचं दार दिसायचं. परगावचा गवंडी आणून बुजवली, घाईत एकच थर लावून. एका थराच्या दगडातनं काय ऐकू येत नाही? गाणं ऐकू यायचं. माझ्याकडं आयुष्यात एक ओळ गायले नाहीत. तुझं हसणं ऐकू यायचं. सकाळी ते म्हणायचे, रानात राखणीला होतो. मी भाकरी वाढायची.

गाण्याचं मी सोसलं. पण माझी पोरं शाळेतनं आली की आधी खोपीत जायची. तू धपाटी करायचीस. गुरुलिंग माझ्या ताटावर बसून म्हणायचा, "अव्वा, तुजं लई तिखट असतंय, केरामावशीचं मऊ असतंय." ते मी विसरले नाही. आणि जाताना विरुपाक्ष पोरांना सांगून गेले, मला खोपीच्या मागं मातीत द्या. पोरांनी दिलं. मला कुणी विचारलं नाही. तेव्हापासून रोज तिन्हीसांजेला तू तिथं दिवा लावतेस, आणि मी सोप्यात बसून तो बघते.

ते गेल्यावर तुला हाकलायचं माझ्या हातात होतं. भाऊबंदांनी सांगितलं, हाकला. मी म्हटलं, असू दे, कुठं जाईल. मनात म्हटलं, ही गेली तर मी बघू कुणाकडं?

आता तू मागितलंस ते. तू बापाचं नाव सांगून मागितलंस. बापाचा हात लागलाय म्हणालीस. विरुपाक्षांचं नाव तुझ्या तोंडातनं आलं नाही. आलं असतं तर कदाचित मी दुसरं लिहिलं असतं.

तर असं ठरवते.

केराबाईला मी मोठ्या घरात आणते. माजघर, दोन्ही वेळचं जेवण आणि वर्षाला दोन लुगडी, ती जिवंत असेपर्यंत. दोन्ही भावांनी निम्मं निम्मं करायचं. तिला बाहेर काढायचा अधिकार कुणालाही नाही. गावात माझं नाव निघेल ते चांगलंच निघेल, सवतीला माजघर दिलं म्हणून.

मला खोपीच्या अंगणात, खोपी आणि घर यांच्या मधोमध मातीत द्यायचं. विरुपाक्षांच्या शेजारी नाही. बसवताना पाठ त्यांच्याकडं आणि तोंड माजघराकडं. जंगमस्वामी दिशेचं काही बोलले तर त्यांना हे कलम दाखवावं.

मला माती दिल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी खोपी पाडायला घ्यायची. बुलडोझर वगैरे आणायचा नाही, ज्ञानबानं जसा एकेक दगड लावला तसाच एकेक उतरवायचा. वरचा पहिला दगड गुरुलिंगानं काढावा, मऊ धपाटी खाल्ली आहेत त्यानं तिथं. केराबाईसाठी बेलाखाली बाज टाकावी, म्हणजे तिला सगळं नीट दिसेल. तिनं उठून आत जायचं म्हटलं तर जाऊ द्यावं, जबरदस्ती करू नये, पण आवाज येईल एवढं दार उघडं ठेवावं.

त्या दगडांचा माझ्यावर चौथरा बांधायचा. एकही दगड बाहेर जाता कामा नये. उंची किती तर माजघरातनं उभ्या माणसाला पलीकडचं काही दिसू नये एवढी. आणि माजघराची बुजवलेली खिडकी उघडायची. चोरांची भीती आता राहिली नाही. केराबाईची बाज त्या खिडकीपाशी टाकायची.

तिन्हीसांजेला दिवा न्यायचा असेल तर तिनं खुशाल न्यावा. मला वळसा घालून जावं लागेल. गुडघे धरले की वळसा घालता येत नाही, ते मला माहीत आहे, आता माझेही धरलेत.

कलम सहावं. या कागदाला कुणी कोर्टात आव्हान दिलं तर घर, विहीर, भिंती, माळवद सगळं मठाला जावं. पाचव्या कलमाचं काम मात्र मठानंही तसंच करावं.

हे सगळं लिहून मी नारायण मास्तरांना वाचायला दिलं. ते होटगीच्या शाळेतून निवृत्त झालेले, माणूस सरळ. पाचवं कलम वाचून त्यांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसत बसले.

"शिवबाई, खोपी राहू द्या," ते म्हणाले. "तिचं काय वय राहिलंय? दोन पावसाळे."

"मास्तर, माझं तेवढंबी न्हाय. मी कुठं रडतेय?"

"तिनं तुमचं एवढं केलं."

"म्हणून माजघर दिलं की."

मास्तरांनी चष्मा परत डोळ्यावर चढवला. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, एक ते झाले. दुसरा कोण म्हणाले. मी केराबाईला हाक मारली. ती पिठाचा हात पुसत आली आणि आत्ता हे लिहिते तेव्हा माझ्यासमोर बसलेली आहे.

केराबाईला कळू नये म्हणून मास्तर कानडीत हळूच मला म्हणाले, हिला वाचून दाखवू का? मी मराठीतच उत्तर दिलं, "साक्षीदारानं सही करताना बघायचं असतं, मजकूर न्हाय. तुमीच सांगितलंत न्हवं परवा?" मास्तर खाली बघायला लागले.

केराबाई विचारते आहे, "आक्का, माजं काय लिवलं?"

मी सांगितलं, "तुला मोठ्या घरात आणलंय. माजघर तुजं."

तिनं माझे पाय धरले आणि रडायला लागली. म्हणाली, "एवडं कशाला, आक्का? मला खोपी बास होती." आणि मग, "आक्का, तू लई मोठ्या मनाची." मी यात एक शब्द खोटा बोलले नाही, ते मास्तरांनी ऐकलं आहे.

येणेप्रमाणे लिहिलं ते खरं, आणि मनासारखं झालं. याआधी काही लिहिलं असलं तर ते रद्द समजावं.

ठिकाण: दगडी वस्ती, होटगी, दक्षिण सोलापूर.
तारीख: सोमवार, ४ मार्च १९७४.

सही: शिवबाई विरुपाक्ष बिराजदार (हात अजिबात कापला नाही)

साक्षीदार:

१. नारायण वामन देगावकर, निवृत्त शिक्षक, होटगी.

२. केराबाई ज्ञानबा गवंडी, राहणार सध्या खोपी. निशाणी डाव्या हाताचा अंगठा. रडण्यामुळं अंगठा नीट उमटत नव्हता, म्हणून तिचा हात मी माझ्या हातात धरून कागदावर दाबला.